घागर आणि इंजिन : वायफायच्या लहरींची गोष्ट

श्रोतेहो, घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे, ते दिवस वडीलधाऱ्यांना आठवत असतील. आज शाळेच्या कचेरीत वायफायची पेटी बसते. ती लहरी नुसत्या घेत नाही, सोडतेही. मग तिला परवाना कसा लागत नाही?

आपल्या भंडारा जिल्ह्यातला एखादा मामा तलाव डोळ्यांपुढे आणा. तलावाखालच्या बांध्यांचा पाण्यावर हक्क असतो. पण घागरभर पाणी न्यायला कोणी कोणाला विचारीत नाही. तिथेच कोणी इंजिन बसवले, की मात्र हक्कदार जाब विचारतो. लहरींचेही तसेच आहे.

भारत सरकारने २०१८ साली ५१५० ते ५८७५ मेगाहर्ट्झच्या दरम्यानचा एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा भाग विनापरवाना खुला केला. अटी तीन. शक्ती मर्यादेत ठेवावी. परवानाधारकाच्या कामात व्यत्यय आणू नये. आणि दुसऱ्यामुळे आपल्याला व्यत्यय आला, तर संरक्षण मागू नये.

या लहरींचा एक जुना हक्कदार म्हणजे पावसाचे रडार. मुंबईत वेरावलीला २०२२ साली सुरू झालेले रडार सी-बँडचे आहे. या जातीची हवामान-रडारे साधारणपणे ५६०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. रडार आकाशात हाक मारते आणि थेंबांवरून परतणारा अतिशय क्षीण प्रतिसाद ऐकते. त्याच लहरींवर जवळची पेटी मोठ्याने बोलू लागली, तर पडद्यावर खोटी रेघ उमटते आणि तिच्याआड खरा ढग झाकला जाऊ शकतो. आपल्याजवळचे नागपूरचे रडार निराळ्या, एस-बँडच्या लहरींवर चालते, हे खरे. पण रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या माणसाला विजेची सूचना वेळेवर मिळण्याचे मोल, मग तो कुठल्याही गावचा असो, तुम्हांला सांगायला नको.

यावर तोड काढली आहे ती अशी, की पेटीने बोलण्याआधी ऐकायचे. आंतरराष्ट्रीय प्रघाताप्रमाणे रडारच्या पट्ट्यात पेटी आधी निदान एक मिनिट कान देते. रडारची चाहूल लागली, की ती जागा सोडते आणि अर्धा तास तिथे परतत नाही. तेव्हा इंटरनेट मध्येच थोडे अडले, तर पेटी बिघडलीच असे समजू नका.

गुरुजींनी एवढे पाहावे : पेटीत देश ‘भारत’ हाच निवडावा, ऐकण्याची सोय बंद करू नये, मर्यादेबाहेर शक्ती वाढवणारे साधन जोडू नये. पल्ला कमी पडतो वाटले, तर पेटी मध्यावर आणि उंच ठेवून पाहावी. घागर आपली असली, तरी तलाव साऱ्या गावाचा आहे.