क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया : रुग्णाचा आधार आणि वैद्याचे कर्तव्य

प्लीहावृद्धी घेऊन आलेला रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. विषमज्वराचा पूर्वेतिहास विचारावा, यकृताची परीक्षा करावी, प्लीहोदराचा विचार करून रोहितकारिष्टाची योजना करावी, हा आपला नेहमीचा क्रम. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका प्राथमिक शिक्षकाच्या बाबतीत मीही याच क्रमाने गेलो. वय अडतीस, डाव्या कुशीत जडपणा, दोन घासांतच पोट भरल्याची भावना, रात्री घाम आणि चार महिन्यांत उतरलेले वजन. पंधरा दिवसांत उपशय न मिळाल्याने रक्त तपासावयास पाठविले, तेव्हा श्वेतकणांची संख्या दोन लाखांच्या वर निघाली. ते पंधरा दिवस मला आजही टोचतात. रक्तकणांची साधी मोजणी पहिल्याच दिवशी करून घ्यावयास हवी होती.

निदान झाले ते क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजेच सीएमएलचे. लाख लोकसंख्येत वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच होणारा हा रक्ताचा कर्करोग आहे. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा साठीच्या आसपास दिसतो. आपल्याकडे मात्र तिशी-चाळिशीतील कर्त्या माणसाला गाठतो. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले जाऊन जी विकृत जनुकजोडी तयार होते, ती श्वेतकणांच्या निर्मितीला लगाम राहू देत नाही. हे विकृत गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फिया येथे प्रथम ओळखले गेले आणि तुकड्यांची ही अदलाबदल जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिली. नेमक्या याच विकृतीवर काम करणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली आणि या व्याधीचे साध्यासाध्यत्वच बदलले. सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासात इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते. एरवी ज्याला आपण असाध्य म्हटले असते, तो व्याधी रोजच्या एका गोळीने याप्य झाला.

याप्य या शब्दात मात्र औषध चालू ठेवणे गृहीत असते, आणि अडचण तेथेच आली. शिक्षकांनी सहा महिने गोळी घेतली. रक्त पूर्वपदावर आले, प्लीहा हाताला लागेनाशी झाली. त्याबरोबरच पापण्यांवर सूज, पोटऱ्यांत गोळे आणि सकाळची मळमळ सुरू झाली. औषधाचा महिन्याचा खर्च त्यांच्या पगाराला जड होता. अशा वेळी आपल्याच क्षेत्रातील एका व्यावसायिकाने त्यांना सांगितले, "रक्त शुद्ध झाले आहे, आता ही उष्ण गोळी कशाला?" त्यांनी ती बंद केली. चार महिन्यांनी ते माझ्याकडे आले, तेव्हा श्वेतकण पुन्हा वाढू लागले होते.

वैद्यबंधूंनी येथे एक आकडा ध्यानात ठेवावा. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात दीर्घकाळ इमॅटिनिब घेत असलेल्या ८७ रुग्णांचे गोळी घेण्याचे प्रमाण मोजले गेले. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वद टक्क्यांहून अधिक मात्रा घेणाऱ्यांत सहा वर्षांत रोग खोलवर दबण्याची शक्यता ९४.५ टक्के होती. नव्वद टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८.४ टक्क्यांवर आली. नव्वद टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकल्या, एवढेच! लग्नकार्य, प्रवास, दुकानात पाकीट शिल्लक नसणे, इतक्या क्षुल्लक कारणांनी तीन दिवस सहज जातात. औषधालय चालकांनी अशा रुग्णाचे पुढील महिन्याचे औषध आठवडाभर आधी मागवून ठेवले, तर ती मोठीच मदत होय.

गोळी कधीच थांबविता येत नाही, असेही नाही. फ्रान्समध्ये, किमान दोन वर्षे रोगाचा मागमूसही न दिसलेल्या शंभर रुग्णांचे औषध थांबविण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारे चाळीस टक्क्यांत रोग परतला नव्हता. ज्यांच्यात परतला, त्यांच्यापैकी बहुतेकांत तो पहिल्या सहा-सात महिन्यांतच परतला आणि वारंवार केलेल्या जनुकीय चाचणीमुळे वेळीच कळला. हा निर्णय रक्तरोगतज्ज्ञाचा आहे. नाडी किंवा प्लीहा पाहून तो घेता येत नाही.

शिक्षकांना मी हे सारे समजावून सांगितले, तज्ज्ञांनीही सांगितले. परंतु त्यांच्या चेहऱ्यावरील भीती गेली नाही. 'कर्करोग' या शब्दापुढे त्यांना काही ऐकूच येत नसावे. गावात, तालुक्यात या रोगाचा दुसरा माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता. व्याधी दुर्मीळ असण्याचे हे खरे दुःख आहे. मधुमेह्याला शेजारी मधुमेही भेटतो. या रुग्णाला कोणी भेटत नाही.

ती भेट घडली 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' या रुग्णगटाच्या एका मेळाव्यात. मॅक्स म्हणजे मॅक्सिमिलियानो रिव्हारोला हा मुलगा. सीएमएलने १९९१ साली सतराव्या वर्षी तो गेला. त्याच्या पालकांनी १९९७ मध्ये अमेरिकेत मॅक्स फाउंडेशन स्थापन केले आणि त्या कार्यातून भारतात रुग्णांचा हा गट उभा राहिला. शहरोशहरी रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसतात, तज्ज्ञ प्रश्नांना उत्तरे देतात. पण खरे काम होते ते चहाच्या वेळी. परत आल्यावर शिक्षक मला म्हणाले, "वैद्यबुवा, तिथं एक शेतकरी भेटले. आठ वर्षं हीच गोळी घेतायत आणि रोज शेतावर जातात. पापण्या त्यांच्याही सुजलेल्या होत्या." त्या दिवसानंतर त्यांची गोळी चुकली नाही.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. त्यांत अभीरुत्व आणि ज्ञापकत्व आहेत. विद्यार्थिदशेत मी ते परीक्षेपुरते पाठ केले होते. रुग्ण मुळात निर्भय नसेल तर तो निर्भय कसा व्हावा, हा प्रश्न मला त्या मेळाव्यानंतर प्रथम पडला.

उपचारासाठी मुंबईस जाणाऱ्यास परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील समाजसेवा विभागात प्रथम चौकशी करावयास सांगावे. शासकीय योजना व धर्मादाय निधी यांची वाट तेथूनच निघते. मुक्कामासाठी परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांचा आधार अनेक गरीब कुटुंबांना मिळाला आहे. औषधाची किंमत आटोक्यात राहिली, यामागेही रुग्णसंघटनेचा लढा आहे. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात आणि देशी कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ-दहा हजार, असे अंतर असताना मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला हरकत घेतली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले.

आता आपल्या औषधांविषयी. मळमळीसाठी शिक्षकांना मी हिंग्वाष्टक चूर्ण दिले होते. त्यात त्रिकटू आहे. मिरी-पिंपळीतील पायपेरीन यकृतातील ज्या विकराचे काम मंदावते, त्याच विकराकडून इमॅटिनिबचे विघटन होते. हे वाचनात आल्यावर मी चूर्ण थांबविले आणि तज्ज्ञांना कळविले. गोळी भरल्या पोटी, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घेण्यास सांगितल्यावर मळमळ बरीच कमी झाली. तेव्हापासून अशा रुग्णाला जे काही द्यावयाचे, ते कागदावर लिहून त्याच्या तज्ज्ञांकडे पाठवितो.

आपल्या परिषदांतून सोमलाचा दाखलाही वरचेवर दिला जातो. १८६५ साली जर्मनीत लिसाउअर यांनी ल्युकेमियात सोमलाचे द्रावण वापरले, हे खरे. पण त्याचा गुण तात्पुरता ठरला. आज सोमलाचा एक कल्प ज्या रक्तकर्करोगात अधिकृतपणे वापरतात, तो प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा निराळाच व्याधी आहे. या दाखल्यावरून सीएमएलच्या रुग्णास रसकल्प देणे हे धाडस आहे. औषधालयात 'कर्करोगावर खात्रीशीर' असे फलक लावणाऱ्यांनी १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा एकदा वाचावा. कर्करोगाचे नाव त्याच्या अनुसूचीत आहे.

नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांवरून २२ सप्टेंबर हा जागतिक सीएमएल दिन मानला जातो. त्या दिवशी शिक्षकांचा मला न चुकता दूरध्वनी येतो. गेल्या वर्षी मीच त्यांना आधी बोलावले. शेजारच्या तालुक्यातील एका महाविद्यालयीन मुलीचे निदान झाले होते. वडील अहवाल घेऊन माझ्याकडे आले आणि मुलीच्या लग्नाचे कसे होणार, हेच पुन्हा पुन्हा विचारीत राहिले. या गोळीने गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून संसाराचे नियोजन तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावे, परंतु लग्न अशक्य नाही, एवढे मी सांगितले. ते त्यांना पटले असे दिसले नाही. रविवारी गुरुजी एस.टी.ने आले. बाहेरच्या बाकावर बापलेकीजवळ दीड तास बसले. मी आत काढ्याच्या पुड्या बांधीत होतो. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. निघताना वडिलांनी मला एवढेच विचारले, "रात्री दही चालेल का हो हिला?"