जुन्या यंत्राला नवा निरोप्या

तुमच्या घरातला एसी दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे असे समजा. खोली तो अजूनही झकास थंड करतो. पण आता घरात ‘स्मार्ट’ दिवे आले आहेत. ते मोबाइलवरून किंवा नुसते बोलून लावता-विझवता येतात. एसी मात्र आपल्या रिमोटवाचून कोणाचेच ऐकत नाही. ‘नवा घ्या,’ असे कोणीही सहज सांगेल. परंतु चांगले चालणारे यंत्र केवळ त्याला इंटरनेट कळत नाही म्हणून भंगारात काढायचे काय? त्याआधी रिमोट त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतो ते पाहू या.

प्रथम एक प्रयोग करा. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरा व बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळा किंवा पांढरट ठिपका लुकलुकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढचा वापरा; मागच्यावर पुष्कळदा हे किरण अडवणारी गाळणी असते.) नुसत्या डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही, कारण रिमोटमधला चिमुकला दिवा अवरक्त किरण टाकतो. त्यांची तरंगलांबी साधारणपणे ९४० नॅनोमीटर असते. आपल्या दृष्टीची धाव ७०० नॅनोमीटरच्या आसपासच संपते.

पण अवरक्त किरण तर उन्हातही असतात. मग ऊन पडताच एसी आपोआप चालू का होत नाही? शंका रास्त आहे. १९५५ साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीने ‘फ्लॅशमॅटिक’ नावाचा रिमोट काढला होता. तो विजेरीसारखा साधा प्रकाशझोत टाकून दूरचित्रवाणी संच चालवी, आणि खिडकीतून आलेल्या उन्हानेही संचाचा गोंधळ उडे. म्हणून आजच्या रिमोटचा दिवा सतत न पेटता सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो आणि यंत्रातला संदेशग्राही नेमक्या तेवढ्याच कंप्रतेकडे लक्ष देतो. ऊन स्थिर असते, साधा बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. या दोहोंना तो दाद देत नाही.

या लुकलुकीचे तुकडे पाडून निरोप तयार होतो. अनेक यंत्रांत वापरली जाणारी एनईसी नावाची पद्धत घ्या. आरंभी ९ मिलिसेकंद लुकलुक आणि ४.५ मिलिसेकंद शांतता, ही जणू दवंडीच. मग ३२ अंक येतात, प्रत्येक ० किंवा १. प्रत्येक अंकातली लुकलुक सारखीच असते. फरक असतो तो नंतरच्या शांततेत. ० ला एकूण १.१२५ मिलिसेकंद लागतात, १ ला २.२५. पहिले ८ अंक म्हणजे यंत्राचा पत्ता. त्यानंतर तोच पत्ता उलटा करून, म्हणजे ० च्या जागी १ आणि १ च्या जागी ० घालून, पुन्हा पाठवतात. आज्ञेचे ८ अंकही असेच सुलट-उलट जातात. दोन्हींचा मेळ बसला नाही तर यंत्र निरोप टाकून देते. या युक्तीमुळे प्रत्येक निरोपात ० आणि १ नेहमी सोळा-सोळाच येतात. आता बेरीज करा: ९ + ४.५ + १८ + ३६ = ६७.५ मिलिसेकंद. बटण कोणतेही दाबा, वेळ तेवढाच!

यावरून उपाय सुचतो. यंत्र रिमोटला ओळखत नाही, लुकलुकीला ओळखते. तीच लुकलुक दुसऱ्या कोणी हुबेहूब केली तरी त्याचे काम भागते. ‘आयआर ब्लास्टर’ नावाची डबी हेच करते. तिच्यासमोर रिमोटचे बटण दाबले की ती लुकलुक आणि शांतता यांचे काळ मोजून ठेवते. पुढे वाय-फायवरून हुकूम आला की तोच निरोप खोलीभर फेकते. हे किरण भिंतीतून जात नाहीत, म्हणून प्रत्येक खोलीला वेगळी डबी लागते. काही पंख्यांचे रिमोट अवरक्त किरणांऐवजी रेडिओलहरी वापरतात. तिथे ही डबी निरुपयोगी.

एसीला शिकवताना एक गंमत होते. टीव्हीचा रिमोट ‘आवाज वाढव’ एवढेच सांगतो. एसीचा रिमोट बहुधा दर वेळी सगळी हकिगत सांगतो: चालू, थंड हवा, २५ अंश, पंखा मध्यम. २४ अंशांवर असताना ‘तापमान वाढव’ हे बटण डबीला शिकवलेत, तर ती पुढे कधीही ‘२५ अंश’ असेच म्हणणार.

खरी अडचण याहून मोठी आहे. हा संवाद एकतर्फी आहे. यंत्र उलट उत्तर देत नाही. पुष्कळ टीव्हींना चालू आणि बंद करण्याचा निरोप एकच असतो. रात्री अकराला ‘सर्व बंद’ असा हुकूम ठरवून ठेवलात आणि आजोबांनी दहालाच टीव्ही हाताने बंद केला असेल, तर अकराला तो चालू होऊन साऱ्या घराला जागे करील! मोबाइल मात्र ‘बंद’ असेच दाखवत राहील. टीव्हीच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येते. खोली तापवणारा हीटर मात्र असल्या आंधळ्या निरोपावर कधीही सोपवू नये.

म्हणून निरोप्याच्या जोडीला साक्षीदार ठेवावा. वीज मोजणारा तयार प्लग मिळतो: यंत्र चालू असेल तर तो शेकडो वॅट दाखवील, बंद असेल तर जेमतेम एक-दोन. एसीसाठी तो १६ अँपिअरचाच हवा आणि मोठ्यांकडूनच बसवून घ्यावा. तारा उघडण्याच्या भानगडीत तुम्ही पडू नका. त्याहून सोपे म्हणजे, एसीच्या झोताच्या वाटेवर वाय-फायशी जोडलेला छोटा तापमापक टांगा. दहा मिनिटांत तापमान उतरले नाही तर डबीने निरोप पुन्हा पाठवावा, आणि तरीही उतरले नाही तर मोबाइलवर कळवावे, अशी योजना करता येते. असे झाले तर आधी डबीसमोर पाहा. बऱ्याचदा मध्ये पडदा आलेला असतो.