पुराच्या रात्री कपाटाची चावी शोधत बसू नका: घराची एक बॅग आधीच भरून ठेवा

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात जायकवाडीतून मोठा विसर्ग सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्यात गोदाकाठच्या कित्येक कुटुंबांना घर सोडून निघावं लागलं. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या सगळ्या तालुक्यांतून गोदावरी वाहते. त्याच्या आदल्या वर्षी, १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला, जिल्ह्यात अतिवृष्टी झाली होती. लागोपाठ दोन वर्षं असं घडल्यावर ‘आपल्याकडे कुठं येतो एवढा पूर’ असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

आपल्याकडचं पाणी दोन तऱ्हेनं येतं. एक धरणाचं. वरून जायकवाडी आणि माजलगाव, इकडे पूर्णेवर येलदरी, सेलूकडे निम्न दुधना. दरवाजे उघडण्याआधी प्रशासन इशारा देतं, गावात दवंडी होते, मोबाइलवर मेसेज येतात. म्हणजे थोडा तरी वेळ हातात असतो. दुसरं पाणी ओढ्या-नाल्याचं. रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला की ते इशारा देत नाही, थेट उंबरठ्यावर येतं. बॅग भरायची ती या दुसऱ्या पाण्याचा विचार करून.

बॅगेचा खरा उपयोग आमच्या मते एकच: बाहेर पडल्यावर घरातल्या कुणालाही ‘राहिलंच की’ म्हणून परत आत जावं लागू नये. पुरात माणसं निघताना जितकी अडकतात तितकीच परत फिरल्यावर अडकतात. कुणी कागदासाठी फिरतं, कुणी अम्मीच्या गोळ्यांसाठी, कुणी मोबाइलच्या चार्जरसाठी. तेव्हा ज्या वस्तूसाठी तुमच्या घरातलं माणूस परत फिरेल, ती वस्तू बॅगेत पाहिजे. बाकीचं गेलं तरी चालेल.

आधी कागद

भांडी पुन्हा घेता येतात, कागद पुन्हा काढताना वर्षं जातात. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मतदार ओळखपत्र, सातबारा आणि आठ-अ, पीकविम्याची पावती, मुलांचे जन्माचे दाखले आणि टीसी, निकाहनामा, हजसाठी काढलेले पासपोर्ट. पाणी ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा पहिल्यांदा आधार आणि पासबुकच मागितलं जातं.

यातले बरेचसे कागद डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात. सरकारी खात्याकडून तिथं थेट आलेला दाखला मूळ कागदासारखाच ग्राह्य धरण्याचा नियम आहे. पण आपण स्वतः फोटो काढून चढवलेल्या कागदाला तो मान नाही, हे लक्षात ठेवा.

जुन्या कागदांचं मात्र वेगळं आहे. बागवान, खाटीक, पिंजारी, तांबोळी, मोमीन अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. जातीच्या दाखल्याला आणि पुढे पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तो बहुतेक वेळा दादा-परदादांच्या शाळेच्या प्रवेश रजिस्टरचा उतारा असतो, नाहीतर जमिनीचा एखादा जुना कागद. परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे काही घरांत हे कागद उर्दूत आहेत, पिवळे पडलेले, कापडात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले. घरातली तरुण पोरं ते वाचू शकत नाहीत, म्हणून त्यांची किंमतही त्यांना कळत नाही. पूर आला की ट्रंक तिथंच राहते, आणि नातीच्या मेडिकलच्या अ‍ॅडमिशनचा पुरावा चिखलात जातो.

हे जुने कागद लॅमिनेट करू नका. चिकटलेलं प्लास्टिक नंतर निघत नाही, कागदही जातो. साध्या पारदर्शक फाइलमध्ये एकेक ठेवा, ती फाइल दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत घाला आणि तोंड घट्ट बांधा. दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. इथला मोबाइल पाण्यात गेला तरी पुण्या-मुंबईतल्या खालूंच्या मोबाइलवर फोटो राहतील. एवढं करूनही कागद भिजलाच, तर उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका. सावलीत, पंख्याखाली, पांढऱ्या सुती कापडावर पसरून वाळवा. चिकटलेली पानं ओढून वेगळी करायची घाई नको.

मग औषधं

शुगर, बीपी, दमा, फिट, यांची रोजची औषधं किमान सात दिवसांची, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. छावणीत डॉक्टर येतात, पण अब्बांना कोणती गोळी चालू आहे हे ‘ती पांढरी, छोटी’ एवढ्यावर कळत नाही. इन्सुलिन बॅगेत भरून ठेवता येत नाही, ते फ्रीजमध्येच राहणार. म्हणून बॅगेवर मोठ्या अक्षरात लिहा: ‘फ्रीजमधून इन्सुलिन घ्या.’ बाहेर ते ओल्या कापडात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात गार राहतं. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन कामाचं नाही.

ओआरएसची पाच-सहा पाकिटं, जखमेचं मलम, पट्टी. पिण्याच्या पाण्यासाठी मेडिक्लोरची बाटली. गढूळ पाणी आधी कापडातून गाळा, बाटलीवर लिहिलंय तेवढे थेंब टाका, अर्धा तास थांबा, मग प्या. माणशी एक लिटरची भरलेली बाटली पुरे, जास्त पाणी घेतलं तर बॅग उचलवत नाही. वजूला पाणी नसेल तर तयम्मुम आहे, पिण्याचं पाणी राखून ठेवा.

बॅटरी हवीच, आणि ती मोबाइलची नको. पुरात साप कोरड्या जागी येतात, शाळेच्या वर्गातसुद्धा. कुणाला चावलाच तर कापू नका, दोरीनं आवळू नका, हात-पाय हलवू न देता सरकारी दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा.

बायकांना विचारून भरा

बॅग बहुतेक घरांत पुरुष भरतात आणि निम्म्या गोष्टी विसरतात. रात्री दोन वाजता दार ठोठावलं गेलं तर घरातल्या बायका ओढणी, बुरखा शोधण्यात थांबतात. यावर कुणी हसू नये, ती वस्तुस्थिती आहे. बॅगेत वरच एक जादा बुरखा किंवा मोठी ओढणी ठेवली की ती पाच मिनिटं वाचतात. पॅड, अंतर्वस्त्रं, तान्ह्या बाळाची दुपटी, एक चादर. शाळेच्या खोलीत चार-पाच कुटुंबं एकत्र असतात, तिथं आडोसा करायला चादर आणि थोडी सुतळी फार उपयोगी पडते.

खायला खजूर, फुटाणे, गूळ, बिस्किटं. शिजवावं लागेल असं काही नको. पैसे दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटांत, कारण लाइट आणि नेटवर्क गेल्यावर फोन पे चालत नाही. दागिने बॅगेत टाकू नका, अंगावरच्या छोट्या थैलीत ठेवा. कुणाची अमानत घरात असेल तर तिची वेगळी पुडी, वर नाव लिहून.

शेळ्या बॅगेत मावत नाहीत. निघताना त्यांचं दावं तेवढं सोडा, जनावर पोहून किंवा चढावर जाऊन वाचू शकतं, बांधलेलं वाचत नाही.

बॅग ठेवायची कुठे

शाळेचं जुनं दप्तर चालतं, दोन्ही हात मोकळे राहतात. दाराजवळ, उंच खिळ्याला. कपाटात नको, माळ्यावर नको. त्याला पुराशिवाय आणखी एक कारण आहे. २१ मार्च २०२४ ला पहाटे सहाच्या सुमारास हिंगोलीकडे भूकंप झाला, त्याचे धक्के परभणीतही जाणवले. रमजान होता, सहरी झालेली होती. किल्लारीचा १९९३ चा भूकंप तर पहाटे चारला झाला, लोक झोपेत होते. माळवदाच्या घरात राहणाऱ्यांनी बॅग बाहेर पडायच्या वाटेवरच ठेवावी आणि भूकंपात ती हाताला आली तर घ्यावी, नाहीतर सोडून पळावं.

लहान मुलांच्या खिशात नाव, वडिलांचा नंबर आणि एका बाहेरगावच्या नातेवाइकाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आणि मदतीसाठी ११२ बॅगेवरच लिहून ठेवा. मशिदीच्या कमिटीनं लाऊडस्पीकरची बॅटरी चार्ज आहे ना हे पावसाळ्यात बघत राहावं, लाइट गेल्यावर मोहल्ल्याला उठवायला तेच साधन उरतं.

बॅग वर्षातून दोनदा उघडा. एकदा मृगाआधी, गोळ्यांची तारीख आणि सेल तपासायला. दुसऱ्यांदा ऑगस्टच्या शेवटी, कारण तोवर धरणं भरत आलेली असतात आणि त्यानंतरचा मोठा पाऊस धरणात थांबत नाही, खाली सोडावा लागतो.