चवीपुरतं म्हणजे किती?

"वरतून मीठ कायले घेता, ताई? वरनात टाकलं हाये ना!"

नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटजवळच्या एका घरात जेवताना काकूंनी मला रंगेहाथ पकडलं. आले होते वाघ बघायला, सापडले मीच! हात मिठाच्या डबीत आणि पर्समध्ये डॉक्टरांची चिठ्ठी: १५२/९६. वय वर्षं २८.

बीपी हे आईबाबांच्या पिढीचं दुखणं, असं तुम्हालाही वाटतं ना? बाबांनाही 'मला काय होतंय' असंच वाटायचं. त्यांनी परस्पर गोळ्या बंद केल्या आणि पन्नाशीतच पॅरालिसिसचा झटका आला. उजव्या हाताने त्यांना अजून सही करता येत नाही. त्यामुळे डॉक्टर म्हणाले, "तीन महिने खाणं सुधार, रोज चाल, नाही उतरलं तर गोळी", तेव्हा मी वाद घातला नाही. आणि तरीही पुण्याहून गोंदियाला येताना महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये वेफर्स, खारे दाणे, ब्रेड-ऑम्लेट, वर सॉस! डबीतलं मीठ सगळ्यांना दिसतं, पाकिटातलं कुणाला दिसतं?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा. आपण भारतीय सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो. पाकिटावर 'सोडियम' लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. परतीच्या गाडीत मी हे गणित केलं आणि चिवड्याचं पाकीट न फोडताच बॅगेत टाकलं.

काकूंचं ताट साधं होतं. भात, वरण, वालाच्या शेंगांची भाजी, जवसाची चटणी आणि संध्याकाळी तळ्यातले ताजे, कच्चे सिंगाडे. अमेरिकेत १९९७मध्ये गाजलेला 'डॅश' आहार याहून फार वेगळा नाही: भाज्या, फळं, डाळी, कमी स्निग्धांशाचं दूध-दही. २००१च्या पुढच्या अभ्यासात त्यासोबत मीठही कमी केलं, तेव्हा बीपी आणखी उतरलं. भाज्या-फळांतलं पोटॅशियम सोडियमला शह देतं, हे त्यामागचं एक कारण.

पण 'गावचं ते सगळं हेल्दी' हा शहरी रोमान्स नको. काकांनाही बीपी आहे. भाताचा डोंगर, सोबत लोणचं आणि सुकट, हे त्यांचं आवडतं जेवण. आता सुकट दोनदा पाण्यातून काढली जाते आणि लोणच्याची बरणी माळ्यावर गेली आहे. त्यांची गोळी मात्र रोज चालू असते, काकू स्वतः हातावर ठेवतात. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, सातारा, सिंधुदुर्ग, वर्ध्यासोबत, सरकारी उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रम राज्यात सर्वांत आधी आला. त्याचा भरही नियमित मोजणं आणि नियमित गोळ्या यावरच. आहार हा गोळीचा मित्र आहे, बदली कामगार नाही. (कमी सोडियमचं मीठ घेणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर त्यातलं पोटॅशियम महागात पडतं.)

पुण्यात परतल्यावर पहिला आठवडा भयंकर गेला. सगळंच हॉस्पिटलच्या जेवणासारखं लागायचं. मग लिंबू, आमसूल, लसूण, भाजलेलं जिरं कामाला आले. डेडलाइनच्या रात्री नूडल्सऐवजी दोन केळी आणि बिनमिठाचं ताक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जीभ बदलली. कँटीनचा पोहा चक्क खारट लागला!

तीन महिन्यांनी आकडा १३८/८८. डॉक्टर हसले नाहीत. "बरं आहे. गोळी आत्ता नको, पण दीड महिन्यानी पुन्हा ये." म्हणजे मी अजून ट्रायलवरच आहे.

रूममेटने काल विचारलं, लोणच्याची बरणी कुठे गेली? मी वर फ्रिजच्या माथ्याकडे बोट दाखवलं. तिने स्टूल आणलं.