पाकिटातली कॉफी आणि कपातली चव

मराठी घरात चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची. एकादशीचा उपवास असेल, पाहुणे आले असतील किंवा परीक्षेसाठी रात्र जागवायची असेल, तर कॉफीची बाटली फडताळातून खाली येते. दुधात साखर आणि चमचाभर पावडर घालून उकळी आणायची, वरून थोडे जायफळ किसायचे, की झाली कॉफी. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान उघडले आणि त्यानंतर शहरांतील तरुण पिढीला कॉफीची निराळीच ओळख झाली. आता अनेक घरांत स्टीलचा फिल्टर, काचेचा फ्रेंच प्रेस, क्वचित छोटे एस्प्रेसो यंत्रही दिसते. तरीही 'बाहेरच्यासारखी होत नाही' ही तक्रार काही संपत नाही. तिचे मूळ बहुतेक वेळा यंत्रात नसते. ते किराणा दुकानातून आणलेल्या पाकिटात असते.

ते पाकीट अलीकडे महागही झाले आहे. ब्राझील आणि व्हिएतनाम या दोन मोठ्या उत्पादक देशांत दुष्काळाने पीक घटले आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका कॉफीच्या दराने १९७७ चा उच्चांक मोडला. त्याचे चटके चिकमगळूरच्या मळ्यांपासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. अशा वेळी आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

पाकीट उलटे करून बारीक अक्षरांतील मजकूर वाचावा. 'कॉफी-चिकोरी मिश्रण' असे लिहिले असेल, तर त्यात कॉफी आणि चिकोरी किती टक्के आहे, हे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे पाकिटातील जवळजवळ निम्मा माल कॉफी नसला, तरी तो कायद्यात बसतो. चिकोरी हे एका वनस्पतीचे मूळ. भारतात तिची लागवड मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. मुळे वाळवून, भाजून त्यांची पूड केली की करपवलेल्या साखरेसारखा वास आणि गडद रंग येतो. कॅफीन मात्र तिच्यात नाही. नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे युरोपात कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा लोकांनी या मुळावर भागवले आणि त्यातली चव पुढे अनेकांच्या तोंडी बसली.

दक्षिणेतील फिल्टर कॉफीत चिकोरी आवडीने घातली जाते. तिच्यामुळे अर्क दाट आणि काळाभोर उतरतो आणि भरपूर दूध घातले तरी रंग टिकतो. तेव्हा टक्केवारी सांगून विकलेल्या चिकोरीला भेसळ म्हणणे अन्यायाचे होईल. प्रस्तुत प्रतिनिधीला स्वतःला ८०:२० हे प्रमाण मानवते. मात्र ६०:४० चे मिश्रण शुद्ध कॉफीच्या भावात घेण्याचे काही कारण नाही. शंका आल्यास काचेच्या पेल्यात गार पाणी घेऊन त्यावर चिमूटभर पूड अलगद सोडावी. कॉफीची पूड बराच वेळ तरंगत राहते. चिकोरी लगेच तळाशी जाऊ लागते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा सोडते. या परीक्षेने चिकोरी आहे की नाही हे कळते, किती आहे ते नाही. इन्स्टंट पावडरीला ती लागूही पडत नाही, कारण ती पावडर मुळातच विरघळणारी.

मुंबईत माटुंग्याला किंवा अन्यत्र जिथे समोर दळून देतात, अशा दुकानात गेल्यास आणखी काही शब्द कानी पडतात. 'प्लँटेशन' म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका. 'चेरी' म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली. 'पीबेरी' ही निराळी जात नव्हे. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. काही फळांत एकच गोल बी धरते, ती निवडून वेगळी विकली जाते. अरेबिका सौम्य, सुवासिक आणि किंचित आंबूस. रोबस्टा कडू, जड आणि कॅफीनच्या बाबतीत जवळपास दुप्पट. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के वाटा रोबस्टाचा आहे. दुधाच्या कॉफीला थोडी रोबस्टा उलट उपकारकच ठरते, नाहीतर अरेबिकाचा नाजूक गंध दुधात हरवतो. दळून मात्र पंधरवड्यापुरतीच आणावी. भाजलेल्या बीचा सुगंध दळल्यावर झपाट्याने उडतो, आणि उघडा डबा फ्रिजमध्ये ठेवला तर ओल आणि शेजारच्या लसणाचा वास दोन्ही त्यात शिरतात.

कडवटपणा येतो कुठून?

कॉफीच्या पुडीतील साधारण ३० टक्के अंशच पाण्यात विरघळू शकतो. मात्र तो सगळा कपात यावा, असे नाही. अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात केलेल्या कामातून १८ ते २२ टक्के ही मर्यादा पुढे आली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. पाणी पुडीत शिरले की आधी आंबट द्रव्ये सुटतात, मग गोडसर आणि शेवटी कडू, तुरट. कमी उतरली तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते, जास्त उतरली तर औषधी काढ्यासारखी. पाण्याचे तापमान, दळण्याचा जाडेपणा आणि वेळ या तिघांची सगळी खटपट एवढ्याचसाठी असते. काळ्या कॉफीसाठी एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पूड हे प्रमाण धरून सुरुवात करावी. उकळलेले पाणी अर्धा-एक मिनिट थांबून ओतले, तर ते ९२ ते ९६ अंशांच्या आसपास येते. बोअरचे जड पाणी टाळलेले बरे. त्यातील क्षार कॉफीचा तजेला मारतात.

आपल्या स्टीलच्या फिल्टरची रीत याहून थोडी वेगळी, पण तत्त्व तेच. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घालून चकतीने हलकेच दाबावी. फार दाबली तर पाणी अडून राहते, मुळीच दाबली नाही तर ते भसकन खाली जाते. त्यावर अर्धी वाटी कडकडीत पाणी गोल फिरवत ओतून झाकण लावावे आणि पंधरा-वीस मिनिटे फिल्टरला हात लावू नये. खाली जमलेला दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन, कधीही उकळू नये. दूध उकळावे, अर्क त्यात ओतावा. घरोघरी नेमके याच्या उलट घडते आणि सुगंध कपात न येता स्वयंपाकघरभर पसरतो.

मग दुधात पावडर उकळलेली आपली जायफळाची कॉफी चुकीची का? उकळण्याने कडू अंश अधिक उतरतात, हे खरे. परंतु दुधातील केसीन हे प्रथिन तुरट द्रव्यांना बांधून ठेवते, साखर कडूपणा झाकते आणि जायफळाचा गंध उडालेल्या सुगंधाची जागा घेतो. जुन्या गृहिणींनी जमवलेला हा हिशेब आहे आणि तो चोख आहे. ज्यांना ती चव हवी आहे, त्यांनी कॅफेतल्या जाणकारांकडे पाहून ओशाळण्याचे कारण नाही. डिकॉक्शनच्या कॉफीवर जायफळ किसले तरी छान लागते, हे मात्र एकदा करून पाहावे.

ज्याची त्याची जीभ

एखाद्याला काळी कॉफी अमृत वाटते आणि दुसऱ्याला घोटभरही सोसवत नाही, यामागे सवयीप्रमाणेच जनुकेही असतात. 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधील चार लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली होती. कॅफीनचा कडूपणा ज्यांना जनुकीय कारणाने अधिक जाणवतो, ते कॉफी अधिक पितात, असे त्यात आढळले. उलट क्विनीनचा कडूपणा ज्यांना तीव्रतेने जाणवतो, त्यांचा कल चहाकडे दिसला. कडू लागते म्हणून माणूस दूर पळेल, हा आपला अंदाज इथे फसतो. यकृतात कॅफीनचा निचरा किती वेगाने होतो, हेही प्रत्येकाचे वेगळे. म्हणूनच रात्री दहाला कॉफी पिऊन एकजण घोरतो आणि दुसरा पहाटेपर्यंत छताकडे पाहत राहतो.

प्रमाणाचे भान मात्र दोघांनीही ठेवायला हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, असेही संस्था सांगते, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. ज्यांचे रक्त कमी आहे, त्यांनी जेवल्याबरोबर कॉफी घेण्याची सवय आधी मोडावी. कोलेस्टेरॉल वाढलेले असल्यास फ्रेंच प्रेसऐवजी कागदी गाळणी वापरावी. कॉफीतील तेलकट अंश ती अडवून धरते, धातूची जाळी ते सोडून देते.

सकाळचे डिकॉक्शन उरले, तर झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि संध्याकाळपर्यंत संपवावे. फिल्टरमधल्या चोथ्यावर दुसऱ्यांदा पाणी ओतून निघणारा पातळ अर्क काही घरांत पहिल्यात मिसळतात. काटकसर म्हणून ते ठीक. पाहुण्यांच्या कपात तो जाऊ देऊ नये.