कॅमेरा घडविणारा चित्रकार : बाबूराव पेंटर

अजिंठ्याची लेणी आपल्या घरची. तिथल्या भिंतीवरची जातककथा एक अक्षरही बोलत नाही, पण राजा कोण, दुःखी कोण, कोण कुणाकडे पाहतो आहे, हे सारे आपल्याला कळते. मूकपटाची कला हीच होय. शब्दावाचून, केवळ चित्राने गोष्ट सांगायची. महाराष्ट्रात ही कला एका चित्रकाराने वाढविली, आणि त्यासाठी लागणारे यंत्रही त्याने स्वतःच घडविले. त्या चित्रकाराचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. पण घराणे कारागिराचे, त्यामुळे हातात हत्यार आणि कुंचला दोन्ही लहानपणीच आले. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. या पडद्यांनी दोघांचे इतके नाव झाले की 'मेस्त्री' मागे पडले आणि 'पेंटर' हेच आडनाव होऊन बसले.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, आणि या दोघा भावांना सिनेमाचा ध्यास लागला. परंतु कॅमेरा कुठून आणायचा? विलायती यंत्र घ्यायचे तर पैसा हवा. मग आपणच का करू नये, असे त्यांनी ठरविले.

हे काम किती अवघड, ते बघा. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म सारखी धावत नाही. ती क्षणभर थांबते, झडप उघडते, प्रकाश आत येतो, झडप मिटते, आणि फिल्म एक चित्र पुढे सरकते. मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारण सोळा वेळा हे घडे, आणि तेही हाताने दांडा फिरवून! फिल्म केसभर इकडेतिकडे झाली की पडद्यावर चित्र थरथरलेच. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी धीर सोडला नाही. आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ साली त्यांनी कॅमेरा चालता केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे साहाय्य केले, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ हा दिग्दर्शक कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ नेऊन, दोन ठिकाणचे प्रसंग आलटूनपालटून दाखवून चित्रपटाला नवी भाषा देत होता. पण त्याच्या हाती तयार यंत्रे होती, मोठा धंदा उभा होता. आमच्या कोल्हापूरकराला आधी यंत्र घडवायचे होते आणि मग भाषा!

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारी सेन्सॉरने तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमाकेसरी' ही पदवी दिली. बाबूराव चित्रीकरणापूर्वी दृश्यांची आणि पोशाखांची रेखाचित्रे स्वतः काढीत. रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी लांबी, रुंदी, खोली असलेले देखावे उभारले. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. नुसत्या उन्हावर विसंबून राहिले नाहीत.

पण मला त्यांचे सर्वांत मोठे धाडस वाटते ते १९२५ चा 'सावकारी पाश'. कथा नारायण हरी आपटे यांची. कर्जापायी शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते, आणि तो पोटासाठी शहराची वाट धरून गिरणीत मजुरी करतो. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांतारामांनी केले होते. आपल्या मराठवाड्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागेल काय? त्यावेळी पडद्यावर देव, राजे आणि राक्षस वावरत होते. त्या गर्दीत बाबूरावांनी कॅमेरा शेतकऱ्याच्या झोपडीपुढे नेऊन ठेवला. प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरविली. बाबूरावांना पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक कथांकडे वळावे लागले. तरी ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नव्हती. १९३६ साली त्यांनी तीच बोलपटात पुन्हा सांगितली.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे त्यांचे शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. गुरूला हा धक्का जबर होता. पण दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' (१९३६) पाहा. देहूतली ती साधी घरे, ती साधी माणसे, यांत बाबूरावांची शिकवण दिसत नाही काय? बाबूराव पुढे चित्रे आणि शिल्पे करीत राहिले, आणि १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात निवर्तले.

दुःखाची गोष्ट पुढेच आहे. ज्या मूक 'सावकारी पाशा'ची आपण थोरवी गातो, तो आज आपल्याला पाहता येत नाही. त्यांच्या मूकपटांचे जे उरले, ते तुकडेच. त्या काळची फिल्म नायट्रेटची. चटकन पेट घेणारी, जुनी झाली की कुजणारी. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली, बाबूराव जाऊन दहा वर्षे लोटल्यावर. तोवर पुष्कळ काही नाहीसे झाले होते.

म्हणून वाचकहो, एक विनंती. आपल्या जिल्ह्यात जुनी थिएटरे होती, तंबूतले सिनेमे गावोगाव फिरत. एखाद्या वाड्याच्या माळ्यावर गंजलेला फिल्मचा डबा आढळला, तर तो भंगारात घालू नका आणि विस्तवाजवळही नेऊ नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. कदाचित त्यात काहीच नसेल. पण कुणी सांगावे, बाबूरावांच्या त्या झोपडीची चार चित्रे अजून कुठेतरी अंधारात वाट पाहत असतील.