चामडे नव्हे, कापड! महागड्या बॅगेची पारख

लाखाच्या घरात किंमत असलेली लुई व्हिताँची तपकिरी बॅग पाहून पुष्कळ व्यापारी बंधू ती चामड्याची समजतात. आम्ही कापडवाले सांगतो, तिचे अंग सुती कॅनव्हासचे असते व वर पीव्हीसीचा लेप असतो.

ही पेढी १८५४ साली पॅरिसला निघाली. नकला वाढल्या तेव्हा १८८८ मध्ये चौकडीचा आणि १८९६ मध्ये फुले व संस्थापकाची आद्याक्षरे असलेला छाप आला. म्हणजे हा छाप नकलेला आळा घालण्यासाठीच जन्मला. आज सर्वाधिक नक्कल त्याचीच!

पारख कशी करावी? छाप दोन्ही कडांना सारखा पडला आहे का पाहावे. टाके एकसारखे हवेत. स्पीडी बॅगेला तळाशी जोड नसतो, एकच तुकडा वळवतात. म्हणून एका बाजूची अक्षरे उलटी दिसतात. तो दोष नव्हे. मुठीचे कच्चे चामडे प्रथम फिकट असते, ऊन व हात लागून मधाच्या रंगाचे होते. आतल्या तारखेच्या शिक्क्यावर विसंबू नये. तो नकलाकारही मारतात. २०२१ पासून कंपनी त्याऐवजी चिप बसवते.

‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकले तरी सुटका नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या छापाचा माल विकणाऱ्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

कारागीर बंधूंनो, लेपाचा कॅनव्हास कोणीही वापरू शकतो. छाप मात्र आपल्या नावाचा मारा.